हाड म्हटलं की जवळ येणारं शिंगरू

…अन् चार दिवसांसाठी ठेवलेलं जनावर माह्या अंगणात दोन दिवाळ्या खाऊन बसलं, याले काय म्हणतात ते तूच सांग, इंद्रभान. पाहुणा म्हणावं तं पाहुण्याले जायची लाज असते. जावई म्हणावं तं जावई पाठीवर मांजर घेऊन स्वयंपाकघरात येत नाही. आज सकाळी तुह्या त्या शिंगरानं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तोंड घातलं, मग पांढरं तोंड घेऊन दारात येऊन उभं राह्यलं, अन् माह्याकडे असं पाह्यलं की जसं पीठ मीच त्याच्या तोंडाले फासलं. तिथून माहं डोकं तापलं ते अजून निवलं नाही, म्हणून लिहायले बसली. अर्धं लिहून झाल्यावर ध्यानात आलं की पत्राची सुरुवात अशी करत नसतात. तं घे. चिरंजीव भाऊ इंद्रभान, मुक्काम सुलतानपूर, यास देऊळघाटाहून थोरली बहीण झुंबर हिचा आशीर्वाद. इथं आम्ही सगळे बरे, तिथं तुम्ही बरे असान. तुह्या बायकोले गुडघ्याले करंजाचं तेल लावत जा म्हणून सांगतलं होतं, लावते का नुसती कण्हते ते कळव. पोरायले पापा. झाली रीत. आता पुढं ऐक.

हे पत्र मी कार्डावर नाही लिहिलं. कार्ड आधी टपालवाला वाचते, मग चावडी वाचते, अन् ज्याचं त्याले मिळते तवा त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घे. माही शाळा दुसरीत सुटली (तुह्यासाठीच सुटली, तुले कडेवर घ्यायले कोणी तरी पायजे होतं, अन् तू तवाही जड होता). ह्यायनं सांगतलं म्हणून लिहून राह्यली. येत्या आइतवारी वरवट बकालचे गुलाबराव येणार अन् शिंगरू घेऊन जाणार. ह्यायनं त्यायले शब्द देला. जनावर तू ठेवलं होतं, म्हणून तुह्या कानावर घालायचं, इतकंच. पण मी नुसती कानावर घालणारी नाही, तुले माहीत आहे. जे मी भोगलं ते सगळं तुले वाचा लागन.

आठव. परसालची, म्हणजे गेल्याच्या आधीची भाऊबीज. तू घोडीवर बसून आला, मांगं हे लंगडत. घोड्यायच्या जत्रेले चालला होता, वाटेत बहीण लागते म्हणून थांबला, तं थांबला. मी ताट घेऊन ओवाळायले उभी. तू कोटाच्या ह्या खिशात हात घातला, त्या खिशात घातला, आतल्या खिशात घातला, अन् मग अंगणात बांधलेल्या शिंगराकडे बोट करून म्हटलं, ताई, यंदा ओवाळणीत हे घे. सारं घर हासलं. मीही हासली, अन् हातात कुंकू होतं तं जाऊन त्याच्याही कपाळाले लावलं. तिथंच चुकलं. निघताना तू ह्यायले म्हणते, भाऊजी, पाय बरा होईस्तोर चार दिवस ठेवा, जत्रेहून येताना नेतो. मग जत्रेहून तू दुसऱ्याच रस्त्यानं घरी गेला. गेल्या भाऊबीजेले तं तुले तापच आला. मी आजवर लय प्रकारचे ताप पाह्यले, पण फक्त भाऊबीजेले येणारा अन् भाऊबीज झाली की उतरणारा हा तुह्याच घरी पाह्यला.

पाय सुजलेला होता. ह्यायनं काय केलं, तं गव्हाची पेरणी म्हणून वावरात निघून गेले. मग हळदीचा लेप कोण लावन. गोठ्यात बैलायनं त्याले शिंगावर घेतलं, म्हणून अंगणात बांधलं. अंगणात आधीच तिघं जण होते. एक कुत्रा, एक मांजर, अन् एक सासूबाईचा पिंजऱ्यातला राघू. कुत्र्याचं नाव मुऱ्हाळी (घरी आलेलं माणूस जायले निघालं की हा त्याले वेशीपर्यंत पोचवून येते, जसा काही लेकीले माहेरी न्यायले आलेला मुऱ्हाळीच). शिंगरानं हा कुत्रा पाह्यला अन् ठरवून टाकलं की आपण हेच आहो. त्यानं घोडा पाह्यला कुठी होता. एक आई पाह्यली होती, ती तू घेऊन गेला. आता कोणी पाहुणा निघाला की वेशीपर्यंत दोघं जातात. दाराच्या उंबरठ्यावर दोघं हनुवटी टेकून पडतात, अन् एकाची हनुवटी टेकली की दुसऱ्याले जागा उरत नाही, मग भांडतात. मांजर थंडीत त्याच्या पाठीवर झोपे, ते उन्हाळ्यातही तिथंच राह्यलं, कारण तिथून त्याले दुधाचं शिंकं दिसते. ह्यायनं त्याचं नाव पवन ठेवलं. पवन म्हटलं तं ते कानही हालवत नाही. मेल्या म्हटलं की धावत येते, कारण दिवसभर त्याच्याशी बोलणारी मी एकटी, अन् मी त्याले दुसरं काही म्हटलं नाही.

आता मुख्य गोष्ट नीट वाच. जेवायले बसलं की कुत्रं दारात येऊन बसते, हे साऱ्या घरायत आहे. आपण हाड म्हणतो. ते जात नाही. मग आपण भाकरीचा तुकडा मोडून लांब फेकतो, म्हणजे ब्याद टळन. माणसाले वाटते आपण हाकललं, कुत्र्याले वाटते आपल्याले वाढलं. कुत्रा हुशार जात, तो दोन्ही समजून असते. शिंगरू भोळं, त्यानं एकच समजून घेतलं, की हाड म्हणजे जेवायले ये. अन् जितक्या जोरानं हाड म्हणसान तितकी भाकर मोठी असं समजून ते तितक्या जोरानं येते. मी त्याले दारातून हाकलायले दात-ओठ खाऊन हाड म्हणे, अन् ते बिचारं आनंदानं चुलीपर्यंत येऊन पोचे. मग पोटात भाकर गेली की मी म्हणे, आता पुरे. तं पुरे म्हटलं की ते जागच्या जागी थांबते, पाय हालवत नाही. ह्या दोन शब्दांवर त्याचं सारं शिक्षण झालं, अन् मले पत्ताच नव्हता की मी शिकवून राह्यली.

त्यात राघू. सासूबाईनं त्याले देवाचं नाव शिकवायले घेतलं होतं. रोज अंघोळ झाली की पिंजऱ्यापाशी बसून, राम म्हण, राम म्हण. मधातच कुत्रं आलं की, हाड. राघूनं दोन्ही ऐकलं, अन् त्यातलं जे मनापासून म्हटलेलं होतं ते उचललं. आता तो दिवसभर हाड हाड करते. शिंगरू दिवसभर पिंजऱ्याखाली जाऊन भाकरीची वाट पाहते, अन् नाही मिळाली की माह्या मांगं येऊन माह्या खांद्यावर तोंड ठेवते. मी भांडे घासत असली तरी, दळत असली तरी. घोड्याचं तोंड किती जड असते ते तुले सांगा लागत नाही. पण तू विकणारा माणूस, तुह्या खांद्यावर कोणी कायले ठेवन.

थांब, आली.

आली. आंब्याच्या कैऱ्या वाळत घातल्या होत्या त्या शिंगरानं मोजून खाल्ल्या, अन् मुऱ्हाळी बाजूले बसून पाहत होता, जसा कोतवाल. कुठपर्यंत आली होती मी? हा, शिक्षण. ह्यायच्या मनात आलं की आता ह्याले पाठीवर बसू देणारं करा. म्हणून उकंडरावले बोलावलं. ह्या भागातल्या पाटलायचे घोडे त्यायनंच फिरवलेले, मोठा नावाचा चाबुकस्वार, मिशा अजून तशाच. कापणी झालेल्या वावरात नेलं, गळ्यात लांब दोरी, मधात उकंडराव, अन् शिंगरानं त्यायच्याभोवती गोल पळावं असा बेत. उकंडरावनं जिभेनं चक चक केलं. शिंगरानं आजूबाजूले पाह्यलं, पाल कुठी आहे म्हणून. पुन्हा चक चक, पुन्हा पाल. मग मुऱ्हाळी आला. त्याले वाटलं उकंडराव पाहुणा आहे अन् रस्ता चुकला, म्हणून तो त्यायच्याभोवती फिरायले लागला, अन् त्याच्या मांगं शिंगरू. अशी सुंदर चाल, अशी मऊ, की उकंडराव म्हणाले, वा, रवाल जन्मजात आहे. तेवढ्यात ह्यायले कुत्रा दिसला. कामात कुत्रा नको म्हणून हे बांधावरून वरडले, हाड. झालं. शिंगरू गोल सोडून सरळ मधात आलं. दोरी उकंडरावच्या पायाले तीन येढे घालून आली. उकंडराव ढेकळात पडले, अन् शिंगरू त्यायच्या फेट्यात भाकर हुडकायले लागलं.

फेटा झटकत ते मले म्हणाले, वैनी, याची माय कोण होती? मी म्हटलं, माय घोडीच होती, पण वाढवलं मी. ते म्हणाले, ते दिसून राह्यलं. अन् गेले ते पुन्हा आले नाहीत.

मग राह्यली कोण? मी. ह्यायले तं शिंगरावर बसाचंच होतं. तं उन्हं उतरली की आमची वरात वावराच्या रस्त्यानं निघे. पुढं मी, पदरात भाकर. माह्या मांगं मुऱ्हाळी. त्याच्या मांगं शिंगरू, पाठीवर खोगीर, अन् खोगिरावर हे, मुठीत आयाळ. शिंगरू थांबलं की मी मांगं वळून हाड म्हणे. आता मी खाली उभी, शिंगराचं तोंड वर, अन् त्याच्याही वर ह्यायचं तोंड. पाहणाऱ्याले काय दिसन ते तूच मनात आण. बायका विहिरीवरून पाहत, झुंबरबाई भर रस्त्यात नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून हाड म्हणते, अन् नवरा मुकाट्यानं तिच्या मांगं येते. माह्या धाकाची गोष्ट पार बुलढाण्याच्या बाजारापर्यंत गेली. (त्याचा एक फायदा झाला, गिरणीवाला आता पीठ कमी भरत नाही.)

असं करत ते पाठीवर माणूस घेऊ लागलं. अन् तिथंच घात झाला. आमच्या गल्लीतल्या शेषरावच्या पोराचं लग्न निघालं. नवरदेवाले मारुतीच्या पाया पडायले घोड्यावर न्यायचं, तं ठरवलेली घोडी ऐनवेळी आली नाही. शेषराव आमच्या दारात. मी म्हटलं, नको, ते घोडं नाही. हे म्हणाले, घोडं नाही तं काय आहे? आता चारचौघायत काय सांगू काय आहे ते. नवरदेव काडीसारखा, त्याचं ओझं नव्हतं. डोक्याले बाशिंग, ते मोठं झालेलं, नाकापर्यंत उतरलेलं, हातात कट्यार अन् कट्यारीले लिंबू. बाजा वाजला, फटाके फुटले, शिंगरू जरासंही बिचकलं नाही. जे राघूच्या पिंजऱ्याखाली वाढलं ते बाज्याले काय भिणार. पुढं मुऱ्हाळी, नवरदेवाले वेशीपर्यंत पोचवायच्या हिशेबानं. लोक म्हणत, काय जनावर आहे. ह्यायची छाती अशी फुगली की बंडीचं बटन तुटलं (ते मीच लावून देलं).

रस्त्यालगत मांडव, मांडवात पहिली पंगत बसलेली. मुऱ्हाळीले बुंदीचा वास आला, अन् तो शिरला मांडवात. वाढणारे पाच-सहा जण एकदम वरडले, हाड, हाड, हाड. इंद्रभान, त्या जनावराच्या जन्मात इतक्या माणसायनं इतक्या प्रेमानं त्याले जेवायले बोलावलं नव्हतं. ते वळलं अन् नवरदेवासकट पंगतीत गेलं. दोन ओळींच्या मधातून, एका पत्रावळीवर पाय पडू न देता (तेवढं वळण मी लावलं आहे, माह्या रांगोळीवर कधी पाय देत नाही). पंगतीच्या माथ्याले नवरदेवाचे मामा पाटावर बसलेले. तेच हे गुलाबराव. वाढणारा त्यायले आग्रह करून राह्यला होता, अन् ते पानावर आडवा हात धरून म्हणत होते, पुरे, पुरे. शिंगरू पुरे ऐकून त्यायच्या पानापुढं खिळ्यासारखं उभं राह्यलं. बाशिंगाखालून नवरदेवाले काही दिसत नव्हतं. त्याले वाटलं मारुती आला. त्यानं मामाले हात जोडले अन् डोळे मिटून पुटपुटायले लागला. तोपर्यंत शिंगरानं मामाची बुंदी संपवली.

मले वाटलं आता मार बसते. पण गुलाबराव उठून उभे राह्यले अन् म्हणाले, माह्या एका शब्दावर थांबलं, ह्याले म्हणतात हुकमी जनावर. अन् तिथंच ह्यायच्याजवळ मागून घेतलं. ह्यायनं माह्याकडे पाह्यलं, डोळ्यानं चूप म्हटलं, अन् शब्द देऊन टाकला. भरल्या मांडवात देलेला शब्द आहे, आता हे म्हणतात प्राण गेला तरी फिरणार नाही. कोणाचा प्राण ते सांगत नाहीत.

तं आइतवारी ते जाते. बरं होते. पिठाच्या डब्यावर पाटा ठेवा लागणार नाही. उंबरठा मोकळा होईन. भांडे घासताना खांदा दुखणार नाही. मांजराले झोपायले दुसरी जागा पाहा लागन, पाहीन ते. मुऱ्हाळी त्याले वेशीपर्यंत पोचवून येईन, त्याचं कामच आहे. तुले काही म्हणाचं असन तं आइतवारच्या आत म्हण, नाही तं नको म्हणू. कळावे, म्हणजे तुलेही एकदाचं कळावं.

तुही बहीण,
झुंबर

ताजा कलम. इथवरचं पत्र मी ह्यायले वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, चांगलं लिहिलं, फक्त ते नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून हाडवालं काढून टाक. बरं म्हटलं. काढलं नाही. आता ते वावरात गेले, सासूबाई झोपल्या, तं आता खरं लिहिते.

ताजा कलम दुसरं. तू ह्यायच्या नावानं वेगळं पत्र लिही. त्यात लिही की हे शिंगरू मी परसाल भाऊबीजेले बहिणीच्या ताटात ओवाळणी म्हणून घातलं, अन् तिनं कुंकू लावून घेतलं. कुंकू खरंच लावलं होतं, सासूबाईनं पाह्यलं आहे, त्या राघूवर हात ठेवून सांगतीन. बहिणीची ओवाळणी नवऱ्यालेही देता येत नाही, ना गुलाबरावले घेता येते. त्यायले स्वतःले बहिणी आहेत, एक तं शेषरावच्याच घरात देलेली. ह्यायचा शब्दही मोडत नाही, कारण जे आपलं नव्हतं त्याचा शब्द कायचा. निघताना चार दिवस ठेवा म्हणून जे म्हटलं होतं ते लिहू नको. अन् तू ते हासत म्हटलं होतं हेही लिहू नको. हासलेलं कागदावर दिसत नाही.

ताजा कलम तिसरं, अन् हे कोणाले वाचून दाखवू नको, तुह्या बायकोलेही नाही. गुलाबराव मारकुटे आहेत असं मी म्हणत नाही. चांगलं माणूस आहे, दाणागोटा चांगला देतीन. पण तठी गडीमाणसं असतीन, कुत्रे असतीन. कधी तरी कोणी तरी त्याच्यावर चिडून हाड म्हणन. अन् ते जवळ जाईन. मग त्याले मार बसन. मग ते आणखीन जवळ जाईन. मार कायचा बसला हे त्याले कधीच समजणार नाही, अन् तठी समजावून सांगायले मी नसन. दोन दिवसांपासून माह्या डोक्यात हेच फिरून राह्यलं, भाकर थापता थापता हात थांबते. आता हे लिहितानाही खिडकीतून तोंड आत आहे अन् कागदावर श्वास टाकून राह्यलं, डाग पडला तो त्याचा समज.

ह्यायच्या नावाचं पत्र शनिवारच्या टपालानं देऊळघाटाले आलं पायजे. त्याच्यानंतर आलेलं मी फाडून चुलीत घालीन. शनिवारी टपालवाला रिकाम्या हातानं आला, तं येत्या भाऊबीजेले तू माह्या दारात ये, मी तुलेही हाड म्हणीन. अन् ते शिंगरासारखं समजून घेऊ नको, कुत्र्यासारखं समजून घे. शनिवारपर्यंत उत्तर.